ड्राय बाल्कनीला काच लावण्यापूर्वी

पत्राचा सारांश: पुण्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. वीस वर्षे जुन्या, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे घर असून घरात पती, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. स्वयंपाकघराला लागून चार फूट रुंद आणि सात फूट लांब ड्राय बाल्कनी आहे. धुणे, भांडी, वाळत घातलेले कपडे, जुने मशीन, गॅस गीझर आणि रद्दी हे सगळे तिथेच असते. ही जागा नीट करून घ्यावी म्हणून त्यांनी एका इंटिरियर डिझायनरला बोलावले. काचेची सरकती खिडकी, फॉल्स सीलिंग, भिंतभर कपाटे आणि एकावर एक ठेवलेले फ्रंट लोड मशीन व ड्रायर असा आराखडा त्याने दिला असून खर्च पावणेदोन लाख रुपये सांगितला आहे. बाल्कनी बंद करायला सासूबाईंचा विरोध आहे आणि पतीचे म्हणणे ‘चालले आहे ते चालू दे’ असे आहे. ता. क. म्हणून त्या लिहितात, की खालच्या घरात छताला ओलीचा डाग आला आहे, पण नव्या टाइल्स बसल्या की तोही प्रश्न सुटेल असे डिझायनर म्हणतो. पत्राचे शेवटचे वाक्य असे आहे: ‘माझ्या सोयीसाठी घरात एकदा तरी खर्च व्हावा असे वाटणे, हा हट्ट आहे का?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही, हा हट्ट नाही. बैठकीच्या खोलीतला सोफा बदलताना ज्या घरात फारशी चर्चा होत नाही, त्याच घरात धुण्याच्या जागेचा विषय निघाला की ‘त्यात काय एवढे?’ असे म्हटले जाते, हे मी अनेक पत्रांतून वाचले आहे आणि पाहिलेही आहे. पाच माणसांचे कपडे भिजवणे, धुणे, वाळत घालणे, काढणे आणि घड्या घालणे हे वर्षातले ३६५ दिवस चालणारे काम आहे, आणि ते जिथे होते ती जागा उजेडाची, हवेशीर आणि कोरडी असावी असे तुम्हाला वाटते. ही अपेक्षा अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच हा खर्च योग्य ठिकाणी व्हावा असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी तुमच्या पत्राच्या ता. क. पासून सुरुवात करावी लागेल, कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही तिथे लिहिली आहे. खालच्या घरातला ओलीचा डाग नव्या टाइल्सनी जात नाही. टाइल म्हणजे फरशीचा वरचा पोशाख. पाणी अडवण्याचे काम तिच्याखालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरी हे घडले. तोडफोड नको, धूळ नको, म्हणून जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवून घ्या असे गवंड्याने सुचवले आणि मी मान डोलावली. फरशी सुंदर दिसू लागली. पाचव्या महिन्यात खालच्या आजी वर आल्या आणि काही न बोलता त्यांनी माझ्या हातावर चुन्याचा एक पोपडा ठेवला. तो त्यांच्या देवघरातल्या छताचा होता. त्यानंतर ती नवी फरशी आणि तिच्याखालची जुनी, अशा दोन्ही फोडाव्या लागल्या.

तेव्हा डाग कुठल्या पाण्याचा आहे हे आधी शोधा. खालच्या घरी स्वतः जा, डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढा आणि तिच्यावर तारीख लिहा. मग पुढचे आठ-दहा दिवस तुमची बाल्कनी पूर्ण कोरडी ठेवा. धुणे आणि भांडी तात्पुरती न्हाणीघरात हलवावी लागतील. त्या काळात डाग रेघेच्या आत येऊन वाळू लागला, तर पाणी फरशीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाते त्या जाळीच्या तोंडाच्या, भोवतालच्या सांध्यातून झिरपत असण्याची शक्यता अधिक. बाल्कनी वापरात नसतानाही तो पसरत राहिला, तर भिंतीत दडलेली पाण्याची पाइपलाइन तपासायला हवी, कारण तिच्यात पाणी चोवीस तास दाबाखाली असते. आणि डाग केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगांकडे बोट जाते आणि तो विषय सोसायटीच्या कमिटीसमोर मांडावा लागतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या सदनिकेतल्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते, हेही लक्षात असू द्या.

गळती फरशीतून आहे असे ठरले, तर पावणेदोन लाखांतला पहिला रुपया तिथे जायला हवा. जुनी फरशी आणि कोबा काढून स्लॅब उघडा करणे, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान एक फूट चढवणे, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गोलसर वाटा मारणे आणि मग नहाणीकडे ढाळ देऊन फरशी बसवणे, हा त्या कामाचा क्रम आहे. ढाळ मीटरला किमान एक सेंटीमीटर असावा. टाइल्स बसवण्यापूर्वी नहाणी बंद करून जागेत दोन-तीन इंच पाणी भरा, ते किमान ४८ तास तसेच ठेवा आणि त्या दोन दिवसांत खालच्या घरी जाऊन छत पाहा. ठेकेदार घाईत असतो आणि ही पायरी गाळावी असे त्याला वाटते; तुम्ही मात्र ती कामाच्या लेखी अटींत घाला आणि तिच्यापूर्वी पुढचा हप्ता देऊ नका. बाल्कनीची फरशी स्वयंपाकघराच्या फरशीपेक्षा खाली राहील आणि दारात ग्रॅनाइटचा उंबरा बसेल हेही पाहा, म्हणजे एखाद्या दिवशी मशीनची नळी निसटली तर पाणी ओट्याखालच्या डब्यांपर्यंत पोहोचणार नाही.

आता काचेविषयी, आणि इथे मला थोडे कठोर बोलायचे आहे. तुम्ही लिहिता की बाल्कनीत गॅस गीझर आहे. आराखड्यात त्याचा ‘कपाटात झाकू’ एवढाच उल्लेख आहे, आणि तो वाचून मला धास्ती वाटली. गॅस गीझर जळताना हवेतला प्राणवायू वापरतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नसतो आणि वासही नसतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे माणसे बेशुद्ध पडल्याच्या आणि दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आज तुमचा गीझर सुरक्षित आहे तो केवळ बाल्कनीच्या ग्रिलमधून वारा वाहतो म्हणून. तिथे काच लावायची असेल तर गॅस गीझर आधी तिथून जायलाच हवा, आणि तो राहणार असेल तर काच लागता कामा नये. यात मधला मार्ग नाही. ज्या वाचकांनी अशी बाल्कनी आधीच बंद करून घेतली आहे आणि गीझर अजून आतच आहे, त्यांनी हे वाक्य वाचून झाल्यावर गीझरचा वापर थांबवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गीझर हलवला तरी काचेचा प्रश्न संपत नाही, कारण तुमचे खरे दुखणे धुण्यापेक्षा वाळवण्यात आहे असे तुमचे पत्र सांगते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्वयंपाकघरात, खुर्च्यांच्या पाठींवर, पंख्याखाली ओले कपडे असतात आणि मुलाच्या गणवेशाला कुबट वास येतो, असे तुम्ही दोन वेळा लिहिले आहे. कपड्याला वाळायला ऊन मिळाले तर उत्तम, पण वारा लागतोच. दोन पट्ट्यांच्या सरकत्या खिडकीची एका वेळी अर्धीच बाजू उघडते, आणि पावसाच्या दिवसांत तीही बंद राहते. मग कपड्यांतून निघालेले पाणी जाणार कुठे? ते भिंतींवर आणि नव्या कपाटांच्या मागे जाऊन बसेल आणि पहिल्याच श्रावणात तिथे बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतील. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणीचा पाइप या बाल्कनीत उघडत असेल, तर फोडणीचा धूरही धुतलेल्या कपड्यांतच कोंडला जाईल.

पाऊस अडवायचा आणि वारा येऊ द्यायचा, एवढेच तुम्हाला हवे आहे. त्यासाठी ग्रिलच्या बाहेर पुरेसा पुढे आलेला छज्जा, आतून मच्छरदाणीची जाळी, आणि वाटल्यास तिरप्या पट्ट्यांचे अॅल्युमिनियमचे लूव्हर्स पुरेसे होतात. बाल्कनी कायमची बंदिस्त करायला केवळ सोसायटीची संमती पुरत नाही, महापालिकेच्या मंजूर नकाशाचाही प्रश्न येतो आणि पुढे घर विकताना तो पुन्हा समोर उभा राहू शकतो. अर्थात लूव्हर्स किंवा छज्जा लावतानाही कमिटीला लेखी अर्ज द्यावाच लागेल, कारण इमारतीचा दर्शनी भाग एकट्याचा नसतो.

आता सासूबाई. तुम्ही त्यांचे एकच वाक्य दिले आहे, ‘माझ्या डोळ्यांदेखत बाल्कनी बंद करू नका’, आणि त्याचा अर्थ तुम्ही ‘सुनेच्या सोयीला विरोध’ असा लावला आहे. तसा अर्थ निघू शकतो. पण त्याच पत्रात तुम्ही हेही लिहिले आहे, की त्या आपली सुती सहावारी रोज स्वतः हाताने धुतात आणि स्वतःच वाळत घालतात. नव्या आराखड्यात त्यांचा खालचा नळ नाही, बसायचा पाट नाही आणि दोरीही नाही. जी साडी आजवर त्या कोणाच्याही मदतीशिवाय धुत आल्या, ती उद्यापासून दुसऱ्या कोणाला तरी ‘टाक ग मशीनमध्ये’ असे सांगावे लागेल. ७२ व्या वर्षी अशी एकेक गोष्ट हातातून जाणे किती लागते, हे आपल्याला त्या वयात गेल्यावरच कळते. त्यांनी हे बोलून दाखवले नसेल. तुम्ही विचारलेही नसेल. एकदा विचारून पाहा, पण ‘तुमचा विरोध का आहे’ असे नको. ‘आई, तुम्हाला तिथे काय काय लागते’ असे विचारा.

आणि वाळवण्यासाठी त्यांचा सल्लाही घ्या. आपल्याकडे जुन्या घरांत वलणी उंचावर असे आणि काठीने कपडे वर चढवले जात, कारण गरम हवा वर जाते आणि कपडे डोक्याच्या वर राहिले की खालची जागा मोकळी राहते. त्याच वलणीचे आजचे रूप म्हणजे छताला बसणारा, दोरीने एकेक दांडी खाली घेता येणारा कप्पीचा हँगर. सहा फुटी दांड्यांचा असा हँगर तुमच्या सात फुटांच्या बाल्कनीत बसतो. साडेपाच मीटरची सहावारी चार पदरी घडी करून घातली तर तिला साधारण साडेचार फूट लांबी लागते, म्हणजे ती एका दांडीवर मावते, आणि दांडी छातीपर्यंत खाली येत असल्यामुळे सासूबाईंना हात वर करावे लागत नाहीत. मात्र हा हँगर स्लॅबमध्ये पक्का ठोकावा लागतो. फॉल्स सीलिंगला तो टांगता येत नाही, म्हणून फॉल्स सीलिंगचा खर्च तुम्ही निःशंकपणे वगळावा.

ड्रायर घेऊ नका असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात तो खरोखर उपयोगी पडतो, आणि दहावीच्या मुलाचा गणवेश सकाळी कोरडा हवा असतो तेव्हा तर त्याची किंमत कळते. परंतु ऑक्टोबर ते मे पुण्याची हवा फुकटात कपडे वाळवते, तेव्हा हे यंत्र वर्षाचे चारेक महिने चालणार हे धरून निर्णय घ्या. साध्या व्हेंटेड ड्रायरला दमट हवा बाहेर सोडणारा पाइप लागतो. हीट पंपच्या ड्रायरला तो लागत नाही आणि वीजही बरीच कमी लागते, पण तो महाग असतो. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणाऱ्या मशीनमध्ये एका वेळी जेवढे कपडे धुतले जातात तेवढे वाळत नाहीत, ही गोष्ट दुकानात सहसा आपणहून सांगितली जात नाही. फ्रंट लोड मशीन साधारण ८५ सेंटीमीटर उंच असते. त्यावर तेवढाच ड्रायर ठेवला की उंची १७० सेंटीमीटर होते आणि वरच्या यंत्राची बटणे सासूबाईंच्या व मुलीच्या हाताला लागणे अवघड होते. माझे मत असे, की आत्ता ड्रायरची जागा आणि विजेचा पॉइंट तयार ठेवा, नव्या मशीनवर आणि नव्या वलणीवर एक पावसाळा काढा, आणि तरीही गरज उरली तर पुढच्या वर्षी घ्या. फ्रंट लोड मशीन मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांच्या वेगाने कपडे पिळते, त्यामुळे ते तुमच्या जुन्या मशीनपेक्षा बरेच कोरडे बाहेर येतील, आणि कदाचित तेवढ्यानेच भागेल.

मशीन ठेवायची जागा कागदावर ठरवू नका. वर्तमानपत्र ६० बाय ७० सेंटीमीटर कापा, म्हणजे मागच्या नळ्यांची जागाही धरली जाईल, आणि ते फरशीवर पसरा. लांब भिंतीला मशीन लावले तर १२२ सेंटीमीटर रुंदीतून जेमतेम ५० उरतात. दार उघडले की तिथे माणूस वाकू शकत नाही. त्याऐवजी चार फुटी आखूड भिंतीला पाठ लावून ते ठेवा, म्हणजे दार बाल्कनीच्या लांबीकडे उघडेल आणि समोर चार-साडेचार फूट जागा मोकळी राहील. मग घरातल्या प्रत्येकाला त्या कागदांमध्ये उभे करून आपापले काम करून दाखवायला सांगा.

प्रत्येकाला म्हणजे भांड्यांना येणाऱ्या मावशींनाही. पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आला आहे, पण नऊ वर्षे रोज तासभर त्या बाल्कनीत कोणी बसले असेल तर त्याच. पाणी कुठल्या कोपऱ्यात साचते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल, कारण ते पाणी नहाणीपर्यंत ढकलण्याचे काम रोज त्याच करतात. गवंड्याला ढाळ समजावून सांगताना त्यांना समोर उभे करा. उभ्याने भांडी घासता येतील असे खोल सिंक तिथे बसले तर त्यांच्या गुडघ्यांना आराम पडेल. त्याची उंची मात्र त्यांच्या कोपराच्या मापाने ठरू द्या. सिंकखाली एक नळ जमिनीपासून दीड फुटावर ठेवला की सासूबाईंचा पाटही राहतो.

विजेची आणि पाण्याची काही कामे टाइल्स बसण्यापूर्वीच करून घ्यावी लागतील. पाणी तापवताना मशीन साधारण २००० वॅट खेचते, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर मल्टिप्लग लावून ते चालवू नका. ओल्या जागेतल्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असावा, आणि ड्रायरचा पॉइंट वेगळ्या सर्किटवर काढावा. पाण्याच्या दाबाचेही पाहा. अनेक मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी नळापेक्षा साधारण तीन मीटर उंच हवे. तुमच्या वर एक मजला आहे, त्यामुळे तुम्हाला बहुधा अडचण येणार नाही, पण टाकीच्या लगेच खाली, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकांनी मशीन घेण्यापूर्वी हे मोजून घ्यावे. नाहीतर मशीन पाणी भरतच बसते. सांडपाण्याची नळी जमिनीवर सोडू नये. ती पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर, साधारण ६० ते १०० सेंटीमीटरवर पाइपात अडकवावी. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचे पाणी येत असेल, तर क्षारांमुळे मशीनच्या हीटरवर थर चढतो आणि काही महिन्यांनी डीस्केलिंग करावे लागते.

मुंबईहून लिहिणाऱ्या ज्या वाचकांकडे ड्राय बाल्कनीच नाही आणि मशीन न्हाणीघरात ठेवावे लागते, त्यांनी ते शॉवरच्या शिंतोड्यांपासून दूर, चार इंच उंच ओट्यावर ठेवावे आणि विजेचा पॉइंट न्हाणीघराच्या बाहेर घ्यावा.

राहता राहिले तुमच्या पतींचे ‘चालले आहे ते चालू दे’. ज्याला एखादे काम करावे लागत नाही, त्याला ते चाललेले दिसते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा येत्या पंधरवड्यात, फरशी फुटण्याआधीच, कपडे वाळत घालणे आणि काढणे हे काम त्यांच्याकडे आणि मुलाकडे सोपवा. ओल राहिली आहे का हे पाहायला कपडा गालाला लावून बघायचा असतो, हे सासूबाईंनी तुमच्या मुलाला शिकवले तर त्याला ते जन्मभर पुरेल. नव्या जागेत प्रत्येकाची वेगळी टोपली ठेवा. भिंतभर कपाटांऐवजी मशीनच्या बाजूला उरलेल्या दोन फुटांत तीन उघडे कप्पे पुरतील, आणि हवा खेळती राहिल्यामुळे ते कुबटही होणार नाहीत.

डिझायनरला नकार देण्याची गरज नाही. काच, फॉल्स सीलिंग आणि कपाटे वगळून, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, सिंक, छज्जा आणि वलणी धरून नवा आराखडा आणि नवे अंदाजपत्रक त्याच्याकडून लेखी मागवा, आणि हे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये उरकेल असे पाहा. त्याच्याशी बोलण्याआधी मात्र या रविवारी पेन्सिल घेऊन खालच्या घरी जाऊन या, आणि जमले तर पतींनाही बरोबर न्या.